पहिल्या पिढीचे बेसबॉलपटू 'निवृत्त' व्हायचे म्हणजे नक्की काय व्हायचं?

सिनसिनाटीकर

नमस्कार मंडळी. या गावात येऊन मला नऊ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं बेसबॉलला नावं ठेवण्यात गेली, तिसऱ्या वर्षी शेजारच्या आजोबांनी हाताला धरून स्टेडियमवर नेलं आणि मी बाटलो. सिनसिनाटीत या खेळाचा तोरा वेगळाच आहे. १८६९ साली इथल्या 'रेड स्टॉकिंग्ज'ने सगळ्याच्या सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगारावर ठेवलं. त्याआधीही पैसे दिले जायचेच, पण गुपचूप. कॅप्टन होता हॅरी राइट. हा गडी जन्माने शेफिल्डचा इंग्रज आणि मूळचा न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबाचा पगारी क्रिकेटपटू! त्याला हंगामाचे १२०० डॉलर आणि त्याचा धाकटा भाऊ, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) जॉर्ज राइट, याला १४००. (धाकट्याला जास्त. घरी काय झालं असेल कोण जाणे.)

आता माझा प्रश्न. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन वानखेडेच्या खेळपट्टीला हात लावून गेला तेव्हा आपण सगळे टीव्हीसमोर डोळे पुसत होतो. खेळाडूने थांबायचं म्हणजे असं भाषण, अशी प्रदक्षिणा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण १८७०-८०च्या पोरांपुढे असा कित्ताच नव्हता. चेंडू मारण्याचा पगार मिळायचा बंद झाला की पुढे काय करायचं, हे सांगायला आधीची पिढीच नाही. पेन्शन नाही, समालोचन नाही, जाहिराती जवळपास नाहीत. मी थोडं वाचलंय त्यावरून वाटतं, यांच्यातले फार थोडे 'निवृत्त' झाले. बाकीच्यांना नारळ मिळाला.

सुरुवात म्हणून एक उदाहरण. चार्ल्स रॅडबर्न, टोपणनाव 'ओल्ड हॉस'. १८८४ साली प्रॉव्हिडन्सकडून एका हंगामात ६७८ पेक्षा जास्त इनिंग्ज पिचिंग (म्हणजे आपली गोलंदाजी) आणि ४४१ स्ट्राइकआउट (चेंडू न मारता आल्याने बाद झालेले फलंदाज). सांगतात की सकाळी उठल्यावर त्याचा हात डोक्यापर्यंत जात नसे, भांगसुद्धा पाडता यायचा नाही. १८९१ ला खेळ संपला तो आमच्या सिनसिनाटीच्या संघात. त्यानंतर इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला सलून. पुढे शिकारीत बंदुकीचे छर्रे तोंडावर बसून एक डोळा गेला, लोकांसमोर येणं बंद केलं, आणि १८९७ मध्ये वयाच्या ४२व्या वर्षी संपला.

जाणकारांनी भर घालावी.

खारेदाणे

भांग पाडता येत नाही म्हणून सलून काढलं? बरोबर आहे की मग.

सिनसिनाटीकर

@खारेदाणे, गुत्ता हो, गुत्ता. दारूचा. :)

जुना_स्कोअरर

छान विषय. मी दादरला बसून हे सगळं पुस्तकी वाचलेलं, त्यामुळे चुकलं तर सांगा. रॅडबर्नचे त्या वर्षीचे विजय काही ठिकाणी ५९ तर काही ठिकाणी ६० लिहितात. एका सामन्याचं श्रेय कोणाला द्यायचं यावरून तो घोळ आहे. आम्ही स्कोअरबुकं लिहिणारी माणसं, आम्हाला अशा एका आकड्यावर झोप लागत नाही.

पिचर लोकांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळात खेळाचे नियमच दर दोन वर्षांनी बदलत. नॅशनल लीगने, म्हणजे तिथल्या मोठ्या साखळी स्पर्धेने, खांद्यावरून हात फिरवून टाकायला परवानगी दिली ती १८८४ ला. आणि १८९३ साली पिचरला एकदम मागे नेलं, ५० फुटांचे ६० फूट ६ इंच झाले. विचार करा, आपल्याकडे २२ यार्डाची खेळपट्टी एका रात्रीत २६ची केली तर किती गोलंदाज घरी बसतील? टिम कीफ बघा, ३४२ विजयांचा पिचर. अंतर बदललं त्याच हंगामात त्याचं खेळणं संपलं. मग काही वर्षं अंपायर, नंतर केंब्रिज गावात जमीनजुमल्याचा धंदा. त्याचं बरं चाललं.

पड गॅल्व्हिनचं नाही. ३०० विजय गाठणारा पहिला पिचर, सहा हजारांवर इनिंग्ज टाकल्या. १८९२ ला थांबला, पिट्सबर्गमध्ये गुत्ता काढला, बुडाला आणि १९०२ मध्ये गरिबीत वारला. वय ४५. हॉल ऑफ फेममध्ये घेतलं १९६५ ला. म्हणजे मेल्यावर ६३ वर्षांनी सत्कार.

पोटमाळा

दोन प्रतिसादांत दोन गुत्तेवाले मेले. धागा मस्त आहे पण थोडं सांभाळून. नामवंत माणूस दारूपायी कसा गेला ही गोष्ट सांगायला रंगतदार असते, म्हणून ती टिकते. ज्याने खेळ सोडून निमूट किराणा दुकान चालवलं त्याच्यावर कोण लिहिणार? आणि तेव्हा गुत्ता हा रीतसर धंदा होता. गावात ओळख आहे, चार माणसं तुमचं नाव ऐकून येतात, भांडवल कमी लागतं. आपल्याकडे जुना पैलवान दुधाचा रतीब घालायचा नाहीतर खानावळ काढायचा, तसंच.

डावखुरी

पोटमाळा यांच्याशी सहमत. आणि एक मुद्दा मांडते, कारण अजून कुणी त्याला हात घातला नाहीये. (मी वकील आहे, कामगार कायदा बघते. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.)

या मंडळींचं खेळ सोडणं समजून घ्यायचं तर 'रिझर्व्ह क्लॉज' कळला पाहिजे. १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी आपसात गुपचूप ठरवलं की प्रत्येक संघाने पाच खेळाडू 'राखीव' म्हणून जाहीर करायचे आणि दुसऱ्या कुणी त्यांना हात लावायचा नाही. पुढच्या काही वर्षांत ही यादी वाढत जवळजवळ सगळा संघच तिच्यात आला. म्हणजे करार एका वर्षाचा, पण वर्ष संपल्यावरही खेळाडू त्याच मालकाच्या दावणीला. मालक देईल त्या पगारावर सही करा, नाहीतर घरी बसा. दुसरीकडे जायचा रस्ताच बंद.

मग 'मी निवृत्त होतो' या वाक्याचा अर्थ काय उरतो? दावं तोडायचा तेवढाच एक मार्ग. त्यामुळे तेव्हाच्या बऱ्याच निवृत्ती म्हणजे खरं तर पगाराची भांडणं होती.

वर ज्या जॉर्ज राइटचा उल्लेख आलाय तोच याचा पहिला नमुना. १८७९ मध्ये तो बॉस्टन सोडून प्रॉव्हिडन्सला गेला, व्यवस्थापक झाला आणि थोरल्या भावाच्या बॉस्टनला मागे टाकून अजिंक्यपद घेतलं. पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्सने त्याला राखीव ठेवलं. त्याला मात्र बॉस्टनला परत यायचं होतं, तिथे त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. त्याने सही केली नाही. तिशी नुकतीच ओलांडलेला, देशातला सर्वोत्तम शॉर्टस्टॉप पुढची दोन वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने खेळला, मग १८८२ ला प्रॉव्हिडन्सकडेच एक हंगाम, आणि संपलं. त्याचं दुकान 'राइट अँड डिटसन' मात्र पुढे मोठं झालं. बॉस्टनमध्ये गोल्फ रुजवण्यात त्याचा हात होता. १९३७ पर्यंत जगला. त्याला नकार परवडला, कारण त्याच्याकडे दुकान होतं. बाकीच्यांकडे काय होतं?

रॅडबर्नकडे परत येते. १८८४ च्या जुलैत संघातला दुसरा पिचर स्वीनी निघून गेला, संघ मोडायच्या बेतात होता. तेव्हा रॅडबर्नने अट घातली की उरलेले सगळे सामने मीच टाकतो, पण पगार वाढवा आणि हंगाम संपल्यावर मला राखीव यादीतून मोकळं करा. त्या ६७८ इनिंग्ज सुटका मिळवण्यासाठी टाकलेल्या आहेत! आणि एवढं करून सुटका मिळाल्यावर पठ्ठ्याने सही कुठे केली? परत प्रॉव्हिडन्सकडेच. फरक एवढाच की या वेळी मर्जीने.

खारेदाणे

दंडवत घ्या ताई. चहा संपला, दुसरा टाकलाय. सीट रिकामी ठेवा, मी धागा सोडत नाही.

जुना_स्कोअरर

@डावखुरी, अप्रतिम. हा संबंध माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. मग जॉन माँटगॉमरी वॉर्डवरही लिहा. वकील तोही होता.

डावखुरी

काका, त्याच्यावर लिहायला हात शिवशिवतच होते.

वॉर्ड विसाव्या वर्षी, १७ जून १८८० ला, परफेक्ट गेम टाकतो. एकही फलंदाज बेसवर पोचला नाही. (त्याच्या आधी फक्त पाच दिवस, १२ जूनला, वूस्टरच्या ली रिचमंडने पहिला परफेक्ट गेम टाकला होता. त्याच्यापुढे क्लीव्हलँड, वॉर्डपुढे बफेलो.) १८८४ मध्ये वॉर्डचा उजवा हात कामातून गेला. तेव्हा त्याने काय करावं? डाव्या हाताने चेंडू फेकायला शिकला आणि सेंटर फील्डमध्ये उभा राहिला. माझ्या या नावामागे तोही थोडा आहे. उजवा बरा झाल्यावर शॉर्टस्टॉप. दरम्यान कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी, आणि त्याच वर्षी, १८८५ ला, खेळाडूंची संघटना. १८८७ मध्ये त्याने एका मासिकात लेख लिहून थेट विचारलं की बेसबॉलपटू म्हणजे जंगम मालमत्ता आहे का. त्याच वर्षी शिकागोने किंग केली या आपल्या तारांकित खेळाडूला बॉस्टनला १०,००० डॉलरला विकलं होतं. ही सगळी रक्कम मालकाच्या खिशात, हे सांगायला नको.

१८९० मध्ये वॉर्डने खेळाडूंची स्वतंत्र 'प्लेयर्स लीग' उभी केली. एक वर्ष चालली, पैशाअभावी बुडाली. १८९४ चा हंगाम संपल्यावर ३४ व्या वर्षी तो खेळातून बाहेर पडला आणि वकिली सुरू केली. आणि आता गंमत ऐका. निवृत्त झाल्यावरही न्यूयॉर्क संघाने त्याचं नाव राखीव यादीत ठेवून दिलं होतं! त्याला लीगकडे दाद मागून ते काढून घ्यावं लागलं. म्हणजे हातात बॅट नाही, अंगात कोट, कोर्टात उभा आहे, आणि कागदोपत्री अजून संघाच्या गोठ्यात. हा किस्सा मी माझ्या ज्युनियर पोरांना दर वर्षी सांगते.

पोटमाळा

सुरेख. पण मालकांची बाजूही कुणीतरी मांडा. संघ धडाधड बुडत होते. १८७१ ते ७५ या पाच वर्षांत जी जुनी असोसिएशन होती तिच्यात खेळाडू वाटेल तेव्हा संघ बदलायचे, अर्धे संघ हंगाम पुरा करायच्या आत गाशा गुंडाळायचे. दावण नसती तर गोठाही राहिला नसता, असं म्हणायला जागा आहे.

डावखुरी

जागा आहेच. पण दावण खेळाडूच्या गळ्यातली, आणि नफा गोठ्याच्या मालकाचा. घोडं तिथेच पेंड खातं. आणि हे सगळं १९७५ पर्यंत चाललं. १९२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदाच लागू नाही असा निकाल दिला.

अ‍ॅमॉस रूसीचं प्रकरण माहीत आहे का? न्यूयॉर्कचा भयानक वेगवान पिचर. पिचरला मागे न्यायचं एक कारण त्याचा वेग असंही म्हणतात. मालकाने २०० डॉलरचा दंड लावला म्हणून भाऊ १८९६ चा अख्खा हंगाम घरी बसले आणि कोर्टात गेले. बाकीच्या मालकांची पाचावर धारण बसली, कारण न्यायाधीशाने रिझर्व्ह क्लॉजवरच बोट ठेवलं तर? शेवटी त्यांनी आपसात वर्गणी काढून रूसीचे पैसे चुकते केले. खटला मागे, रूसी मैदानात.

सिनसिनाटीकर

रूसीची पुढची गोष्ट माझ्याकडे आहे. डिसेंबर १९०० मध्ये तो आमच्याकडे आला. बदल्यात सिनसिनाटीने न्यूयॉर्कला एक नवखा पोरगा दिला, क्रिस्टी मॅथ्यूसन नावाचा. रूसी इथे तीन सामने खेळून संपला आणि मॅथ्यूसनने न्यूयॉर्कसाठी ३७२ सामने जिंकले. शेजारचे आजोबा हे सांगताना आजही कपाळाला हात लावतात, जसा काही व्यवहार काल झालाय.

१९२१ च्या सुमाराला मॅनेजर जॉन मॅग्रॉने या रूसीला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर देखरेखीच्या कामाला घेतलं. तो एकटाच नव्हे. डॅन ब्राउदर्स, एके काळचा सर्वांत दणकट फलंदाज, तिथे रात्रपाळीचा वॉचमन होता. ३०७ विजय मिळवणारा मिकी वेल्श फाटकावर. म्हणजे १९२०च्या दशकात तिकीट काढून आत जाणाऱ्या माणसाला, ज्याने आपलं तिकीट बघितलं तो कोण होता याचा पत्ता नसणार.

रानमेवा

हे वाचून गलबलून आलं. माझे काका मुंबईत गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. खेळावर नोकरी लागली, गुडघा गेल्यावर त्याच गिरणीत गेटवर टाइमकीपर झाले. आम्हा मुलांना वाटायचं हे काय काम. ते म्हणायचे, "अरे, गेटवर बसलो म्हणजे सगळा गाव मला रोज नमस्कार करून आत जातो." तेव्हा मॅग्रॉने दिलेल्या कामाबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

जुना_स्कोअरर

@रानमेवा, तुमच्या काकांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

सुखात गेलेलेही सांगतो, नाहीतर पोटमाळा रागावतील. ली रिचमंड, वर ताईंनी नाव घेतलं तो. डॉक्टर झाला, मग तेही सोडून ओहायोतल्या टोलेडोत कित्येक वर्षं शाळेत गणित शिकवलं. जगातला पहिला परफेक्ट गेम टाकणारा माणूस फळ्यावर समीकरणं सोडवतोय! बिली संडे, शिकागोचा वाऱ्यासारखा पळणारा खेळाडू, १८९१ ला ऐन भरात खेळ सोडून वायएमसीएत महिना ८३ डॉलरवर गेला. बेसबॉलमध्ये त्याच्या कित्येक पट मिळत होते. पुढे देशातला सगळ्यात गाजलेला धर्मोपदेशक झाला. आपल्याकडे याला वैराग्य म्हणतील, पण त्याच्या सभांना जमणारी गर्दी पाहता वैराग्य फार टिकलं नसावं.

आणि सगळ्यात हुशार अल्बर्ट स्पाल्डिंग. १८७६ मध्ये शिकागोसाठी ४७ विजय, त्याच वर्षी भावाबरोबर खेळाच्या सामानाचं दुकान. १८७८ मध्ये फक्त एक सामना, आणि मग वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आत व्हीआरएस! पहिल्या बेसवर ग्लव्ह घालून उभा राहिला आणि तोच ग्लव्ह दुकानात विकला. मग त्याच संघाचा मालक. १८८८-८९ ला खेळाडू घेऊन जगाच्या दौऱ्यावर निघाला. जानेवारी १८८९ मध्ये कोलंबोत सामना झाला, मग इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या सावलीत. इतक्या जवळ येऊन आपल्याकडे मात्र न येता गेले. मुंबईत उतरले असते तर आमच्या पारशी मंडळींनी एखादा सामना लावला असता.

डावखुरी

काका, त्या दौऱ्याची दुसरी बाजू. वॉर्ड त्या बोटीवर होता. तो समुद्रात असताना इकडे मालकांनी खेळाडूंची अ ते ई अशी पाच वर्गांत प्रतवारी लावून पगार १५०० ते २५०० डॉलरच्या चौकटीत बसवले. पुढारी परदेशात आणि ठराव मंजूर. प्लेयर्स लीगची ठिणगी तीच. आणि ती लीग मोडायला मालकांच्या बाजूने पुढे कोण होतं? स्पाल्डिंग. दोघंही पिचर, दोघंही लवकर बाजूला झालेले, फक्त टेबलाच्या समोरासमोरच्या खुर्च्यांत.

खारेदाणे

कॅप अ‍ॅन्सन कसा नाही आला अजून? २७ हंगाम! १८७१ ते १८९७, पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत, अखेरच्या दिवशी दोन होमरन. हा खरा निवृत्त म्हणायचा. तो गेल्यावर शिकागोच्या संघाला लोक 'ऑर्फन्स', म्हणजे पोरकी पोरं, म्हणायला लागले. याच्यापेक्षा मोठा निरोप कोणता?

पोटमाळा

निवृत्त कसला, करार वाढवला नाही त्याचा. मग स्पाल्डिंगने ५०,००० डॉलरचा निधी जमवून देतो म्हटलं तर अ‍ॅन्सनने भीक नको म्हणून झिडकारलं. बाणा होता हे मान्य. नंतर बिलियर्डचं दुकान बुडालं, घर गेलं, मुलींना घेऊन नाटक-तमाशांच्या रंगमंचावर विनोदी कार्यक्रम केले. मध्ये एकदा शिकागोचा सिटी क्लार्क म्हणून निवडूनही आला. १९२२ ला गेला तेव्हा अंत्यविधीचा खर्च नॅशनल लीगने केला.

रानमेवा

अ‍ॅन्सनचं कौतुक करताना फ्लीट वॉकरचं नाव राहू नये. मोझेस फ्लीटवुड वॉकर, ओबर्लिन आणि मिशिगनला शिकलेला, १८८४ मध्ये टोलेडोकडून मेजर लीगमध्ये (सगळ्यात वरच्या स्तरावर) कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक, म्हणून खेळलेला काळा माणूस. १८८३ मध्ये अ‍ॅन्सन टोलेडोला प्रदर्शनीय सामना खेळायला आला आणि वॉकर असेल तर खेळणार नाही म्हणाला. गल्ल्यातला वाटा बुडेल असं सांगितल्यावर मुकाट खेळला. १४ जुलै १८८७ ला मात्र त्याचंच खरं झालं. नेवार्कने आपला काळा पिचर जॉर्ज स्टोव्ही त्याच्यासमोर उतरवला नाही, आणि त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगने यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. वॉकर १८८९ पर्यंत सिराक्यूजमध्ये टिकला, मग दार बंद. ते उघडायला जॅकी रॉबिन्सन यावा लागला.

डावखुरीताई म्हणतात तसं बाकीच्यांना दावं होतं. वॉकरला तर गोठ्याच्या बाहेरच काढलं. त्याची निवृत्ती कोणत्या खात्यात धरायची?

त्याने पुढे तोफगोळ्याचं पेटंट घेतलं, ओहायोत केडिझ गावी थिएटर चालवलं, चित्रपटाच्या रिळांसंबंधी पेटंटं घेतली. आणि १९०८ मध्ये पुस्तक लिहून काळ्या लोकांनी आफ्रिकेत निघून जावं असं सुचवलं. या देशावरचा विश्वास कुठे उडाला असेल, ते सांगायला नको.

जुना_स्कोअरर

आपल्या पळवणकर बाळूंची आठवण झाली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी, आणि तरी जातीपायी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच नाही. ते धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळालं १९२३ ला. तोवर बाळूंचं खेळणं संपलेलं.

खारेदाणे

अ‍ॅन्सनबद्दल हे माहीत नव्हतं. माझा प्रतिसाद तसाच ठेवतो, म्हणजे खालचं लोकांना कळेल. 'पोरकी पोरं' हे नाव आता वेगळंच ऐकू येतंय.

रेल्वेपुलाखाली

आत्ताच सगळा धागा वाचला. पेन्शन कधी सुरू झाली मग?

डावखुरी

१९४७ ला. त्याआधी १९२४ मध्ये लॉस एंजेलिसला जुन्या खेळाडूंनीच गरजू सोबत्यांसाठी एक मदतसंस्था काढली. आणि त्याच्याही आधी, कुणी मेलं की मदतीचा सामना. अ‍ॅडी जॉस एप्रिल १९११ मध्ये ३१ व्या वर्षी मेंदूज्वराने गेला, हंगाम नुकताच सुरू होत होता. जुलैत क्लीव्हलँडमध्ये लीगमधले नावाजलेले खेळाडू एकत्र येऊन खेळले, बायकोला सुमारे १३,००० डॉलर मिळाले.

सिनसिनाटीकर

दोन माणसं राहिलीत, दोघांवर माझा जीव आहे.

पहिला जिम ओ'रूर्क. १८७६ ला नॅशनल लीगच्या अगदी पहिल्या सामन्यात पहिला हिट त्याचा. येलमधून कायदा शिकला. १८९३ नंतर मोठ्या लीगमध्ये दिसला नाही, पण कनेक्टिकटमध्ये स्वतःचा छोटा संघ काढून खेळतच राहिला. २२ सप्टेंबर १९०४ ला मॅग्रॉचा न्यूयॉर्क संघ अजिंक्यपद पक्कं करणार होता, त्या दिवशी त्याला कॅचर म्हणून उतरवलं. वय ५४. अख्खा सामना गुडघ्यांवर बसून काढला, एक हिट मारला, एक रन केली, आणि परत कनेक्टिकट.

दुसरा आमच्या इथला, विल्यम हॉय. लहानपणी तापाने कान गेले. सगळे त्याला ज्या नावाने हाक मारायचे ते आज लिहवत नाही. १८८८ ते १९०२ मोठ्या लीगमध्ये खेळला. १८८९ मध्ये एकाच सामन्यात आउटफील्डमधून तीन धावपटूंना होम प्लेटवर बाद केलं. मग सिनसिनाटीजवळ माउंट हेल्दीला गाईम्हशी... म्हणजे म्हशी नाहीत, फक्त गाई. दुधाचा धंदा. ऑक्टोबर १९६१ मध्ये इथे क्रॉस्ली फील्डवर वर्ल्ड सिरीजच्या सामन्याचा पहिला चेंडू त्याने टाकला, ९९ वर्षांचा असताना. शेजारचे आजोबा तेव्हा बारा वर्षांचे, वडिलांबरोबर तिथे होते. म्हणतात, टाळ्या वाजवून काय उपयोग म्हणून लोक हात वर करून हलवत होते की काय, ते आता नीट आठवत नाही, पण म्हातारा ताठ उभा होता एवढं नक्की आठवतं. डिसेंबरात तो गेला.

मिशिगनचा_बंड्या

उशीर झाला, पण डेट्रॉइटवाल्यांचा चार्ली बेनेट सोडलात तर खबरदार.

बेनेट कॅचर होता, ग्लव्ह म्हणजे नुसतं कातडं अशा काळातला. त्याची बोटं इतकी वाकडीतिकडी झाली होती की काय सांगावं. जानेवारी १८९४ मध्ये कॅन्ससमध्ये वेल्सव्हिल स्टेशनवर सुटत्या गाडीत चढताना घसरला आणि चाकांखाली दोन्ही पाय गेले. तिथे त्याचा खेळ संपला. डेट्रॉइटला परत येऊन चिनी मातीच्या बशांवर चित्रं रंगवून विकायचा. त्याच बोटांनी!

१८९६ मध्ये गावात नवं मैदान झालं, त्याला 'बेनेट पार्क' नाव दिलं. पहिल्या सामन्याचा पहिला चेंडू त्याने झेलला, लाकडी पायांवर उभं राहून. मग दर वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी हेच. १९१२ मध्ये त्या जागी मोठं स्टेडियम आलं तरी चालूच राहिलं. १९२६ पर्यंत. १९२७ च्या फेब्रुवारीत वारला.

डावखुरी

बंड्या, हे माहीतच नव्हतं. ती जागा अजून आहे?

मिशिगनचा_बंड्या

आहे की. मिशिगन अव्हेन्यू आणि ट्रंबुलचा कोपरा. स्टेडियम २००९ ला पाडलं, पण आता पोरांसाठी मैदान केलंय, होम प्लेट जुन्याच जागी आहे. माझ्या घरापासून वीस मिनिटं. शनिवारी मुलाला घेऊन जाणारच आहे, फोटो टाकतो. बशी कुठे मिळते का तेही बघतो, पण बायकोला सांगू नका.